साथीच्या बंदीत मार सोसणाऱ्या बाईपर्यंत आशांनी कसं पोचायचं?

प्रश्न एका आशा गटप्रवर्तक ताईंचा आहे, म्हणजे गावोगावच्या आशांच्या (घरोघर जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या) कामावर देखरेख करणाऱ्या ताईंचा. थोडक्यात असा: "२०२० मध्ये आमच्या आशा घरोघर ताप आणि ऑक्सिजन तपासत फिरत होत्या. काही घरांत बाईच्या दंडावर, गालावर वळ दिसायचे. नवरा शेजारीच उभा. विचारावं तर पंचाईत, न विचारावं तर मन खातं. बहुतेक वेळा आकडा लिहून घेतला आणि पुढच्या घरी गेलो. तेव्हा नक्की काय करायला हवं होतं? पुन्हा अशी वेळ आली तर काय तयारी ठेवायची?"

ताई, तुमच्या आशांचं मन खात होतं ते बरोबरच होतं. त्या काळात त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जायची परवानगी जवळजवळ त्यांनाच होती. कोविडच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि बाई ज्या ज्या ठिकाणी मन मोकळं करते ती सगळी ठिकाणं एकदम बंद झाली. माहेर, आठवडी बाजार, मजुरीचं शेत, बचत गटाची बैठक, मुलाला शाळेत सोडायला जाणं, सगळंच. आधीच आपल्याकडे मदत मागणाऱ्या बायका थोड्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं, आणि हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायका कुणाकडे मदत मागायला गेल्या होत्या. ती १४ टक्क्यांची वाटसुद्धा टाळेबंदीत बुजली. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २५ मार्च ते ३१ मे २०२० या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या १,४७७ तक्रारी आल्या. एवढ्या मोठ्या देशात ज्यांच्या हातात फोन होता, रिचार्ज होता आणि पाच मिनिटांचा एकांत होता, त्यांच्या या तक्रारी. म्हणून साथीच्या काळात हेल्पलाइनवरचे फोन कमी झाले तर मारहाण कमी झाली असा अर्थ कधीच लावू नका. नवरा दिवसभर घरात असेल तर फोन कमी होणारच.

आता दारातल्या त्या भेटीबद्दल, कारण सगळं तिथेच ठरतं.

पहिला नियम: बाई एकटी नसेल तर हिंसेबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. नवऱ्यासमोर तर नाहीच, सासू, नणंद, मोठी मुलगी यांच्यासमोरही नाही. दोन-तीन वर्षांहून मोठं मूल ऐकलेलं सहज बोलून जातं. तिला एकटं गाठायची सोय तपासणीतच आहे. सप्टेंबर २०२० मधल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेसारखं दोघं-तिघं मिळून जात असाल तर एकीने घरातल्या बाकीच्यांची नावं, वयं, जुने आजार लिहून घेत त्यांना ओट्यावर बसवून ठेवायचं आणि दुसरीने बाईला बाजूला घ्यायचं. "पाळीचं विचारायचंय, जरा पलीकडे व्हा" म्हटलं की नवरा आणि सासरे बहुधा आपणहून सरकतात. सासू सरकत नाही. तिच्यासाठी दुसरी माणूस हवी, तिच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करणारी.

कोविडसारख्या साथीत ज्या बाईला लक्षणं आहेत किंवा जी बाधिताच्या संपर्कात आली आहे तिची सहा मिनिटं चालण्याची चाचणी करायचीच असते. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, सपाट अंगणात सहा मिनिटं चालायला लावायचं, पुन्हा आकडा बघायचा. ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त अंकांनी उतरला तर दवाखाना. मुळात ९४ पेक्षा कमी असेल तर ही चाचणी करायचीच नाही. तिच्या बाजूने, अंतर राखून तुम्हीही चाला. अंगणातली ही सहा मिनिटं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, पण कुणाच्या कानावर काही पडत नाही. मात्र नसलेली तपासणी करायची म्हणून करू नका. खोटेपणा उघडा पडला तर ते दार कायमचं बंद होतं.

विचारायचं कसं? "घरात हिंसा होते का?" असं विचारलं तर "नाही" हेच उत्तर येतं, कारण बायका आपल्या घरातल्या गोष्टीला हिंसा म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "जरा कटकट आहे", "ह्यांचा स्वभाव तापट आहे", "थोडं होतंच की घरात." म्हणून असं म्हणा: "सगळे घरात कोंडलेत, बऱ्याच घरांत भांडणं वाढलीत. तुम्हाला घरात कुणाची भीती वाटते का? कुणी हात उचलतं का?" मग गप्प राहा. ती काही बोलली नाही तर रेटू नका. "मी दर मंगळवारी येते, कधीही सांगा" एवढं पुरे. बोललीच तर तीन वाक्यं पाठ असू द्या: "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कुणाला सांगणार नाही."

तिसऱ्या वाक्याला एक मर्यादा आहे आणि ती आधीच सांगायची असते. १८ वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे वचन देता येत नाही. सज्ञान बाईच्या बाबतीत तिचा निर्णय शेवटचा.

त्यानंतर धोका मोजायचा. गेल्या काही आठवड्यांत मार वाढलाय का? कधी गळा दाबला का? चाकू, कोयता, रॉकेल, गॅस यांची धमकी दिली का? ती गरोदर आहे का? तो सतत संशय घेतो का? "तुला मारून मीही मरतो" असं म्हणतो का? आणि शेवटी, "तो तुम्हाला जिवे मारील असं तुम्हाला वाटतं का?" या शेवटच्या प्रश्नाचं तिचं उत्तर नेहमी खरं धरा. घरच्या माणसाचा अंदाज तिच्याइतका कुणालाच नसतो. यातल्या दोन-तीन गोष्टींना होकार आला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी हालचाल करा.

गळा दाबल्याचं कळलं तर तो एकच होकार पुरेसा आहे. गळ्यावर वळ नसतो म्हणून आपण फसतो. बाहेरून काही न दिसता आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते आणि काही तासांनी, कधी दोन-चार दिवसांनीही, जिवावर बेतू शकतं. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके आहेत का, त्या वेळी शुद्ध गेली होती का, नकळत लघवी झाली होती का, हे विचारा आणि रुग्णालयात पाठवा. साथीच्या दिवसांत एक घोळ हमखास होतो: बसलेला आवाज आणि घशातलं दुखणं ऐकून तिला ताप-सर्दीच्या रांगेत उभं केलं जातं. चिठ्ठीवर "गळा दाबल्याचे सांगते" असं स्पष्ट लिहून द्या, पण ती चिठ्ठी तिच्या हाती न देता डॉक्टरांकडे पोचवा आणि त्यांना फोन करूनही कळवा.

रुग्णालयाबद्दल दोन गोष्टी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या नियमांप्रमाणे आधी हिंसेच्या घटनेचा अहवाल नोंदवला नाही म्हणून तिला उपचार नाकारता येत नाहीत. तो अहवाल झाला नसेल तर रुग्णालयानेच नमुना १ (त्या अहवालाचा ठरलेला फॉर्म) भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचा असतो, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला फुकट द्यायची असते. कागदावर "किरकोळ दुखापत" एवढंच लिहिलं तर पुढे कोर्टात त्याचा काही उपयोग होत नाही. जखम कुठे, किती सेंटिमीटर, रंग काय, आकार कसा, आणि तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, असं हवं. मार चुकवायला हात आडवा धरला की करंगळीच्या बाजूचं हाड मोडतं. "पाय घसरून पडले" या सांगण्याशी ते सहसा जुळत नाही, तेही नोंदवावं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने सुरू केलेलं 'दिलासा' केंद्र याच विचारावर उभं आहे: बाई पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, पण दवाखान्यात येते. साथीतही ती दवाखान्यातच येते. म्हणून बाकीची ओपीडी बंद झाली तरी ही खिडकी उघडी ठेवायची.

बळजबरीचा संबंध झाला असेल तर घड्याळ महत्त्वाचं. गर्भ राहू नये म्हणूनची तातडीची गोळी (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) ७२ तासांच्या आत द्यायची, जितकी लवकर तितकी चांगली, पाच दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. ही औषधं रुग्णालयातच मिळतात. तातडीची गोळी मात्र आशांकडे असते आणि टाळेबंदीत पुरवठा तुटला की पहिली तीच संपते. निरोध, तांबी, नेहमीच्या गोळ्या सगळंच अडतं आणि नको असलेली गरोदरपणं वाढतात. साठा दोन महिन्यांचा ठेवा. नवऱ्याने केलेली बळजबरी अजूनही बलात्काराच्या कलमात बसत नाही, पण कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट आहे, त्याखाली दाद मागता येते.

घरातच राहायचं तिने ठरवलं (बहुतेक जणी तेच ठरवतात, आणि त्या वेळी तो शहाणपणाचा निर्णयही असू शकतो) तर पुढचा संपर्क पक्का केल्याशिवाय दारातून निघू नका. फोन कुणाच्या हातात असतो, कधी मोकळा असतो, उचलला तर काय म्हणायचं, हे ठरवा. तिने तुम्हाला कळवायचा एक साधा शब्द ठरवून घ्या: "लोहाच्या गोळ्या संपल्या" म्हणजे लगेच फोन कर, "पोषण आहार मिळाला" म्हणजे ठीक आहे. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर लसीकरणाचंच बोला, गडबडून कट करू नका. कट झालेल्या अनोळखी फोनवरून रात्री मार पडतो. स्मार्टफोन असेल तर तिला व्हॉट्सअॅपमधली 'लिंक्ड डिव्हायसेस' ही जागा उघडून बघायला सांगा. नवऱ्याने दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर तिचं व्हॉट्सअॅप जोडलेलं असेल तर तिथे दिसतं. घरात हेल्पलाइनचं पत्रक ठेवून येऊ नका. १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस व तातडीची मदत) हे दोन आकडे तोंडपाठ होण्यासारखे आहेत, तेवढे पुरतात. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. बाईला ती उत्पन्नाची अट न लावता मिळते.

भांडण पेटायला लागलं की स्वयंपाकघरात आणि मोरीत जायचं नाही. एका ठिकाणी विळी आणि गॅस, दुसरीकडे बाहेर पडायला वाट नाही. बाहेरच्या दाराजवळ राहायचं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्माचे दाखले, लसीकरणाचं कार्ड यांच्या झेरॉक्स विश्वासू शेजारणीकडे ठेवायच्या. भरलेली पिशवी घरात ठेवू नये, ती सापडते. पैशांचंही विचारा. एप्रिल ते जून २०२० मध्ये जनधन खातं असलेल्या बायकांना सरकारने महिना ५०० रुपये दिले; कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल तर ते पैसे तिचे नव्हतेच. हक्काचे पैसे काढून घेणं हीदेखील या कायद्यात आर्थिक हिंसा आहे.

आणि बाहेर पडायचं तिने ठरवलं तर? इथे आपल्या व्यवस्थेची सवय उलटी आहे, आणि माझं मत ठाम आहे: साथीत बाईला हलवण्याआधी मारणाऱ्याला हलवता येतं का ते बघा. आश्रयगृह तिला चाचणीचा अहवाल मागतं, गाडी मिळत नाही, मुलांसह परक्या जागी संसर्गाची भीती असते, आणि घर मात्र त्याच्या ताब्यात राहतं. पुणे जिल्हा परिषदेने एप्रिल २०२० मध्ये जाहीर केलं होतं की समज देऊनही बायकोला मारणाऱ्या पुरुषाला संस्थात्मक विलगीकरणात ठेवलं जाईल. गावपातळीवर त्यासाठी समित्याही नेमल्या होत्या. कल्पना योग्य होती, पण तिचा पाया साथीच्या आदेशावर असेल तर साथीबरोबर तीही संपते. कायमचा पाया कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे: पुरुषाला राहत्या घरातून बाहेर काढण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. घरातल्या दुसऱ्या बाईविरुद्ध, म्हणजे सासूविरुद्ध, तसा आदेश निघत नाही, हे आधीच सांगून ठेवा. कलम २३ खाली शपथपत्रावर, समोरच्याला न ऐकताही तात्पुरता आदेश मिळू शकतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत लागली पाहिजे. न्यायालयं फक्त तातडीची कामं घेत असतील तर अर्जाच्या पहिल्याच पानावर धोक्याच्या प्रश्नांची उत्तरं यायला हवीत, नाहीतर तो अर्ज साध्या वादाच्या गठ्ठ्यात जातो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अजामीनपात्र.

टाळेबंदीत सगळ्यात उपयोगी नियम फार थोड्यांना माहीत असतो: याच कायद्याच्या नियमांतला नियम ९. तातडीच्या वेळी फोनवरून किंवा ईमेलवरून खात्रीची माहिती मिळाली तर संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांना सोबत घेऊन घटनास्थळी जायचं, तिथेच अहवाल नोंदवायचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे ठेवायचा. बाईने कार्यालयात यायची गरज नाही. माहिती शेजारी देऊ शकतो, आशाही देऊ शकते, आणि कलम ४ प्रमाणे सद्भावनेने दिलेल्या माहितीसाठी देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तुमच्या आशांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा, त्यांची निम्मी भीती जाईल.

नेहमी बिघडतं ते समजूत घालण्यात. सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे दोन ज्येष्ठ दारात येतात, दोघांना समोर बसवतात, नवरा मान खाली घालून "चुकलं" म्हणतो, मंडळी चहा घेऊन जातात. एरवी ती त्या रात्री माहेरी जाऊ शकते. टाळेबंदीत ती त्याच खोलीत राहते, आणि तिने बाहेर सांगितलं याचा हिशोब त्या रात्रीच होतो. पोलीस पाटील बहुतेकदा त्याच भावकीतला असतो, हेही विसरू नका. बीट अंमलदाराने येऊन दम देऊन परत जाणं याचाही परिणाम तोच. कुणाला आत घ्यायचं असेल तर अहवाल लिहिण्यासाठी घ्या, समेटासाठी नको. दारूचंही तसंच. ४ मे २०२० ला दुकानं उघडली तेव्हा सगळा दोष बाटलीवर गेला, पण त्याआधीचे चाळीस दिवस दुकानं बंद असतानाही मार थांबला नव्हता. "दारू सुटली की सुधारेल" हा सल्ला तुमच्या आशांच्या तोंडून जाऊ देऊ नका.

विलगीकरणाची जागाही धोक्याची असू शकते. जुलै २०२० मध्ये पनवेलच्या विलगीकरण केंद्रात एका महिलेवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात केरळमध्ये पतनमतिट्टा जिल्ह्यात कोविडबाधित तरुणीला रुग्णवाहिकेत एकटीला नेत असताना चालकानेच अत्याचार केला. म्हणून बायकांचा मजला वेगळा, आतून लागणारी कडी, संडासापर्यंत दिवा, रात्रपाळीला महिला कर्मचारी, आणि रुग्णवाहिकेत चालकासोबत बाई कधीही एकटी नाही. उद्घाटनाआधी तुम्ही स्वतः जाऊन प्रत्येक कडी लावून बघा. पुष्कळ ठिकाणी कडी बाहेरूनच असते.

तयारीचं काम आत्ताच, साथ नसताना करायचं आहे. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा, जिल्ह्याच्या सखी केंद्राचा (हिंसा सोसणाऱ्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र) आणि पोलिसांच्या भरोसा सेलचा (बायका-मुलांच्या तक्रारींसाठीचा कक्ष) चालू मोबाइल क्रमांक फोन करून तपासा; फलकावरचे क्रमांक अनेकदा बदललेले असतात. सखी केंद्रात पाच दिवसांपर्यंत राहता येतं, त्यानंतरच्या आश्रयाची जागा आधीच ठरवा. तिथे एक खोली नव्याने येणाऱ्या बाईच्या विलगीकरणासाठी राखून ठेवावी, म्हणजे चाचणीचा अहवाल आला नाही म्हणून कुणाला रात्री दारातून परत पाठवावं लागणार नाही. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्याकडे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत आजच लेखी मागणी द्या, की पुढच्या बंदीच्या आदेशाच्या मसुद्यात दोन ओळी असाव्यात: संरक्षण अधिकारी, सखी केंद्र आणि आश्रयगृहांचे कर्मचारी अत्यावश्यक सेवेत, आणि हिंसेमुळे घर सोडणाऱ्या बाईला व तिच्या मुलांना पासशिवाय नाका ओलांडू द्यावा. आवक क्रमांक टाकलेली प्रत गटप्रवर्तकांच्या फाइलमध्ये ठेवा.